चोरीचा धोपा

प्रेमिलाने पाठ फिरवली आणि अंजनाबाईने ओळखलं, की आता चोरायचं.

आषाढातली सकाळ होती. प्रेमिला आपल्या पोर्चमध्ये ओलं फडकं घेऊन उभी होती आणि भिंतीवरचा नसलेला डाग अगदी मन लावून पुसत होती. अंजनाबाईने पदर तोंडावर ओढून घेतला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, फाटक आवाज न करता लोटलं आणि नळाजवळच्या ओलीत वाकून खुरप्याने धोप्याचा एक कांदा उकरला. माती झटकली, कांदा पदराखाली धरला आणि सत्तरीच्या गुडघ्यांना झेपेल तितक्या लगबगीने ती आपल्या घराकडे पळाली. मागे वळून पाहिलं नाही. पाहायचं नसतं.

धोपा म्हणजे पुण्याकडचं अळू. आणि चोरायचं ते असं, ही त्या गल्लीची रीत.

पूर्व नागपूरच्या टोकाला हे लेआऊट पडलं तेव्हा तिथे तुरीचं वावर होतं. लकडगंजच्या लाकूड चिरायच्या आरामशिनीवर काम करणाऱ्या दहा-पाच घरांनी शेजारी शेजारी प्लॉट घेतले. रस्ता नव्हता, सावली नव्हती. बायका मात्र सगळ्या खेड्यातून आलेल्या, कोणी कुहीकडच्या, कोणी कन्हानच्या. हाताला माती लागल्याशिवाय त्यांना करमत नसे. माहेरी गेलं की येताना पिशवीत बी, कांदा, फांदी काहीतरी असायचंच. त्यात वामनरावांची रुखमाबाई वडीलधारी. तिनेच सगळ्यांना शिकवलं, "मागतलेलं झाड रुसते, चोरलेलं झाड हासते."

तेव्हापासून गल्लीत कोणी झाड मागत नसे आणि कोणी देत नसे. जिच्याकडे समजा शेवगा जास्त झाला, ती चक्कीवर दळण टाकताना सहज बोलून जायची, "आमचा मुनगा लई माजला वं, कोणी चोट्टी येत पण नाही." ऐकणारीने ऐकून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी मालकिणीने पाठ करायची, चोरणारीने चोरायचं, आणि झाड जीव धरेपर्यंत दोघींनीही तोंडातून शब्द काढायचा नाही. मालकीण 'मी दिलं' असं बोलली, की झाड जळालंच म्हणून समजा. पुढे रस्त्यात भेट झाली की, "काय वं चोट्टे, लागलं काय?" असं विचारायचं, आणि "लागलं वं माय," असं उत्तर यायचं. चोट्टी हा शब्द त्या गल्लीत ओटी भरल्यासारखा वापरला जाई. नव्या सुनेला पहिल्यांदा कोणी चोट्टी म्हटलं, की ती गल्लीची झाली.

अशाने झालं काय, की कोणाच्या अंगणात कोणाचं झाड आहे, याचा हिशोब उरला नाही. तरी सगळ्यांना एक ठाऊक होतं, की निम्मी गल्ली अंजनाबाईच्या हातची आहे. नंदिनीच्या दारचा गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, तिचा. वामनरावांचं कागदी लिंबू तिचं. प्रेमिलाच्या नळाजवळचा काळ्या देठाचा धोपा, ज्याच्या पानाने घशाला कधी खाज सुटली नाही, तोही मुळात तिचाच. कुहीला सासूच्या न्हाणीमागे तो वाढायचा. अंजनाबाईने तो सासू तिथेच उभी असताना चोरून आणला होता आणि सासू तेव्हा पाठ करून पदरात हसली होती.

अंजनाबाईच्या घरचा धोपा दोन वर्षांपूर्वी गेला. मुलाने, अश्विनने, गाडी घेतली. गाडीला जागा पाहिजे म्हणून अंगणात काँक्रीट आलं आणि धोपा, पुदिना, पोईचा वेल सगळं त्याखाली गाडलं गेलं. सून हर्षाने समजूत घालायला कुंड्या आणल्या. कुंडीत धोपा कुठे राहतो? त्याला न्हाणीचं पाणी हवं, पाय पसरायला जागा हवी. आता मागच्या भिंतीशी, बाथरूमच्या पाइपाखाली, वीतभर माती उघडी राहिली होती. अंजनाबाईने चोरलेला कांदा तिथे पुरला, वरून राख टाकली आणि हात धुतले.

चार दिवसांनी हर्षा फोन घेऊन तिच्यासमोर उभी राहिली.

"आई, हे तुम्हीच आहात ना?"

फोनमध्ये प्रेमिलाचं फाटक दिसत होतं. एक बाई पदराने तोंड झाकून आली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ती वाकली, काहीतरी उपटलं, पदराखाली लपवलं आणि पळाली. प्रेमिला त्यात कुठेच नव्हती. कॅमेरा पोर्चच्या खांबावर, ती त्याच्या खाली उभी. खाली प्रेमिलाच्या मुलाने, रजतने, लिहिलं होतं, 'दिवसाढवळ्या चोरी. ओळखा पाहू कोण?'

अंजनाबाईला आधी हसूच आलं. "अवं, काय झाक पळून राहिली मी!"

"हसता काय? पूर्ण लेआऊटच्या ग्रुपवर आहे हे. नंदिनीने तुमचं नाव पण लिहिलं."

नंदिनीने गमतीतच लिहिलं होतं, 'या तर आपल्या अंजनाकाकू!' पुढे हसरी तोंडं. पण लेआऊट आता दहा-पाच घरांचं राहिलं नव्हतं. पलीकडे फ्लॅट झाले होते, त्या लोकांना ही रीत कोण सांगणार? एकाने लिहिलं, 'आमच्या पितळी नळाची तोटी गेली, ती पण विचारा काकूंना.' दुसरीने लिहिलं, 'वयाचा तरी विचार करायचा.' आणि कोणीतरी नुसता एक शब्द लिहिला होता, 'चोट्टी.'

तोच शब्द. अंजनाबाईने तो हर्षाकडून दोनदा वाचून घेतला.

संध्याकाळी अश्विन आला. त्याने बूटही काढले नाहीत. "आई, मागून आणायचं ना. नाही कोण म्हणलं असतं?"

"मागून आणलेलं लागत नाही, मालूम नाही काय तुले? तूच लहानपणी माह्या मागं मागं पळे."

"ते तेव्हाचं. आता त्या रजतले मी काय सांगू? आमच्या आईची पद्धत हाये म्हणून?"

"तू कायले सांगतं? प्रेमिला सांगन. ती होती ना तठी उभी. एक वाक्य बोलली का झालं."

एकच वाक्य पाहिजे होतं. 'म्याच तिले चोरायले सांगतलं.' एवढं प्रेमिला बोलली असती, की सगळी गल्ली हसली असती आणि फ्लॅटवाल्यांनाही एक गोष्ट कळली असती. अंजनाबाई दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेली. फाटकातून आत जाताना आयुष्यात पहिल्यांदा तिचं लक्ष वर कॅमेऱ्याकडे गेलं.

प्रेमिला तांदूळ निवडत बसली होती. सुपातली नजर तिने वर केली नाही.

"पाहिलं म्या. पोट्टे वं आजकालचे. म्हातारीले ओळखत नाही, कॅमेरा लावते."

"मंग सांग ना त्याले."

"सांगतलं असतं वं अंजना." प्रेमिलाने एक खडा काढून बाजूला टाकला. "पण तुहा धोपा लागला काय?"

"अजून कायचा लागतो? आताच तं लावला."

"मंग? मी आता म्हणलं का म्याच देल्लं, तं जळन ना तो. रुखमाबाई काय म्हणे, याद नाही तुले? लागू दे. पान फुटलं का सांगीन."

अंजनाबाईला ते पटलं. पटणारच होतं. जी बाई जन्मभर त्या रितीने वागली, ती दुसरं काय करणार? उलट तिला वाटलं, प्रेमिला किती विचार करते, मी तर विसरलेच होते. ती घरी आली आणि सुनेला म्हणाली, "पान फुटू दे, मंग पाहा."

हर्षाने कपाळावर हात मारला.

अंजनाबाईचं मग एकच काम झालं. सकाळी उठलं की आधी मागच्या भिंतीशी जायचं, उकिडवं बसायचं आणि मातीकडे पाहायचं. बाहेर काय चाललं होतं ते तिला दिसत नव्हतं असं नाही. चक्कीवर ती गेली, की बोलणं मध्येच थांबायचं. पूर्वी तिला पाहिलं की बायका हसून पाठ करायच्या, आता तोंड तिच्याकडे करून उभ्या राहायच्या. ती फाटकापुढून पुढे जाईपर्यंत नजर काढायच्या नाहीत. गावाला जाताना नंदिनी झाडांना पाणी घालायला म्हणून किल्ली तिच्याकडे देऊन जायची. त्या आठवड्यात नंदिनी माहेरी गेली आणि किल्ली फ्लॅटमधल्या बाईकडे गेली. वामनराव तेवढे बोलले. रस्त्यात थांबून काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "वहिनी, झालं गेलं सोडा. चूक माणसाच्यानंच होते."

"चूक कोणाची जी?"

"सोडा म्हणलं ना," असं म्हणून ते पुढे गेले.

ते रुखमाबाईचे नवरे. त्यांच्या घरातून ही रीत निघाली. आपल्या बायकोला मध्यान्ही लिंबाचं रोप पदराखाली घेऊन धापा टाकत येताना त्यांनी स्वतः पाहिलं होतं, फाटक त्यांनीच उघडलं होतं. अंजनाबाईच्या जिवाला ते जितकं लागलं, तितकं तोटीचं बोलणं लागलं नाही. तरी ती गप्प बसली. धोपा लागायचा होता.

मग एक दिवस मातीतून गुंडाळलेली, टोकदार, जांभळट सुरळी वर आली. चार दिवसांत ती उलगडली. तळव्याएवढं पान, काळा देठ, पानावर पावसाचा थेंब पाऱ्यासारखा इकडून तिकडे पळत होता. त्यामागून दुसरं पान आलं. अंजनाबाई तशाच मातीच्या हाताने प्रेमिलाकडे गेली आणि फाटकातूनच म्हणाली, "लागलं वं माय!"

प्रेमिलाने तिला आत घेतलं, पाणी दिलं. "बरं झालं. आता असं कर, महालक्ष्म्या येऊन राहिल्या. सारी गल्ली जेवाले येते, फ्लॅटवाल्या पण येतात. सर्वांसमोरच सांगीन. एकेकीले कायले सांगत बसू?"

हेही पटलं.

प्रेमिलाच्या घरच्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, गल्लीत नावाजलेल्या. त्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, आंबील आणि धोप्याच्या पानांच्या वड्या. अंजनाबाईच्या कपाळी कुंकू नव्हतं, नवरा देवाजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. त्यामुळे सवाष्णीच्या पाटावर तिचा मान नव्हता. पण विळी तिची असे आणि वड्या तिच्या. लोक नैवेद्याला हात जोडत आणि ताटावर बसले की विचारत, "वड्या अंजनाबाईच्या ना?" घरची मालकीण प्रेमिला, तूप तिचं, बेसन तिचं, राबणं तिचं. ती वाढता वाढता म्हणायची, "हो, तिच्याच." दर वर्षी म्हणायची. म्हणताना तिचा चेहरा कसा होतो, हे अंजनाबाईने कधी पाहिलं नव्हतं. ती तेव्हा खाली मान घालून वड्या कापत असे.

या वर्षी तिला बोलावणं आलं नाही. हर्षा म्हणाली, "आई, नका जाऊ. मी पण नाही जात."

"बोलावतं कोण? मी काय पाहुनी हाये? तिनंच सांगतलं, सर्वांसमोर बोलते म्हणून."

तिने आपल्या धोप्याची चार कोवळी पानं काढली. पहिला तोडा महालक्ष्मीला, असं तिच्या मनात होतं. पानं ओल्या कापडात गुंडाळून ती निघाली.

स्वयंपाकघरात विळीवर फ्लॅटमधली एक बाई बसली होती. वड्या तळून झाल्या होत्या. पुढच्या खोलीत मखरात दोघी महालक्ष्म्या बसल्या होत्या, नाकात नथ, अंगावर शालू, पुढे भाज्यांच्या वाट्या. बायकांची पंगत भिंतीशी बसत होती. अंजनाबाई दारातच उभी राहिली. कोणी 'ये' म्हटलं नाही, कोणी 'जा' म्हटलं नाही. प्रेमिला आमटीचं भांडं घेऊन बाहेर आली, तिने पाहिलं आणि भांडं खाली ठेवलं.

"आल्या काय? बसा."

आल्या. बसा. तीस वर्षांत प्रेमिलाने तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. अंजनाबाईला वाटलं, चार माणसांत बोलते म्हणून असेल.

"प्रेमिला, सांग ना वं आता."

"काय सांगू?"

"तेच. तू पाठ केली होती. तूच म्हणे चक्कीवर, धोपा माजला म्हणून. तठीच उभी होती तू, फडकं घेऊन." तिने पंगतीकडे पाहिलं, हसायचा प्रयत्न केला. "लागलं, म्हणून तं आता बोलायले हरकत नाही. हे पानं पण आणले म्या."

बायकांचे हात पानावर थांबले. नंदिनी खाली पाहू लागली. तिच्या सासूने तिला ही रीत शिकवली होती; तिने स्वतः एकदा अंजनाबाईची पोई चोरली होती. रजत आतल्या दारात येऊन उभा राहिला होता. प्रेमिलाने त्याच्याकडे पाहिलं, मग पंगतीकडे, मग मखराकडे. पदर सावरून दोन्ही हात जोडले.

"महालक्ष्म्या बसल्या हायेत, अंजनाबाई," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "यांच्यासमोर मले खोटं बोलायले लावू नका."

रजत हसून म्हणाला, "काकू, म्हणजे आमच्याच झाडाचे पानं आम्हाला नैवेद्याला आणले?" फ्लॅटमधल्या बायका हसल्या. त्यांचं पाहून गल्लीतल्याही हसल्या, आधी एक, मग बाकीच्या.

"असू दे रे," प्रेमिला म्हणाली. "दारी आलेलं माणूस उपाशी जाऊ नाही. बसा, बाई. प्रसाद हाये."

दारात एक पान मांडलं गेलं. महालक्ष्मीचा प्रसाद नाही कसा म्हणायचा? अंजनाबाई बसली. प्रेमिलाने स्वतः वाढलं, आग्रह केला. दोन वड्या जास्त घातल्या. अंजनाबाईने त्या खाल्ल्या, सगळ्या पाहत असताना. चिंच कमी पडली होती.

हात धुवायला ती मागच्या नळावर गेली तेव्हा प्रेमिला पाण्याचा तांब्या घेऊन मागून आली. तिथे कोणी नव्हतं.

"तुले चोट्टी म्हणलं, तं मले काय बरं वाटते?" ती हळूच म्हणाली. पुन्हा 'तू' आलं होतं. "पण तीस वर्षं झाले, सारी गल्ली म्हणते, प्रेमिलाच्या अंगणातलं सारं अंजनाचं. माह्या घरचं पाणी, माह्या घरचं खत, आणि नाव तुहं. आता नाही म्हणणार कोणी. घे, हात धू."

अंजनाबाईने हात धुतले.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं विसर्जन होतं. बायका दारातल्या रांगोळ्या झाडत होत्या. अंजनाबाई डोक्यावरून पदर घेऊन निघाली आणि नंदिनीच्या फाटकाशी थांबली. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात, पण न ओरडता, म्हणाली, "नंदिनी, हा गोडनिंब म्या तुह्या सासूले देल्ला होता. चोरला नोहता तिनं. म्या देल्ला."

नंदिनीच्या हातातला झाडू थांबला. "काकू! असं काहून बोलता? जळन ना तो!"

"जळन तं जळन. चोरीचं नाव नाही राहायचं ना त्याच्यावर?"

ती पुढच्या घरी गेली. "हा मुनगा म्या देल्ला." त्याच्या पुढच्या घरी. "हा कुंदरूचा वेल म्या देल्ला." बायका मागे धावू लागल्या. एकीने कानांवर हात ठेवले, एकीने लेकराला घरात ढकललं, एक रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, आमचं काय चुकलं? आम्ही तं ग्रुपवर काहीच नाही लिहिलं."

"काहीच नाही लिहिलं, म्हणूनच," अंजनाबाई म्हणाली.

तिला बरं वाटत होतं. गुडघे दुखत नव्हते. प्रत्येक फाटकाशी समोरच्या तोंडाचा रंग उडताना दिसला, की तिच्या पोटात गार पाणी ओतल्यासारखं होई. प्रेमिलाच्या घरासमोर तिने धोप्याचं नाव घेतलं तेव्हा खिडकी आतून लागली. शेवटचं घर वामनरावांचं होतं.

ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्यामागे लिंबाचं झाड, पुरुषभर उंचीचं, हिरव्या लिंबांनी लगडलेलं. रुखमाबाई गेली त्या वर्षी त्याला पहिल्यांदा फळ धरलं होतं. वामनराव जेवायला बसले की झाडावरचं एक लिंबू तोडून आणत, अर्धं पिळत आणि अर्धं समोरच्या रिकाम्या पाटावर ठेवत. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

त्यांनी रस्त्यावरचा आवाज ऐकला होता. ती फाटकाशी येताच ते धडपडत उठले. काठी पडली.

"वहिनी, हे नोका. हे एक सोडा. तिच्या हातचं एवढंच हाये माह्यापाशी."

"मले तं तुम्ही म्हणले, झालं गेलं सोडा."

"चुकलं माह्यं. मी सांगतो सर्वांले. रजतले सांगतो. आत्ता चाला."

हेच वाक्य. दोन महिने ती ज्याची वाट पाहत होती, ते आता हात जोडून फाटकाच्या आत उभं होतं. अंजनाबाईने ते ऐकलं. तिला ते नको होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे लिंबू म्या रुखमाबाईले देल्लं."

कोणाचंच झाड जळालं नाही. बोलण्याने झाडं जळत असती, तर नागपुरात गवत उरलं नसतं. गल्लीने महिनाभर रोज सकाळी उठून आपापली पानं पाहिली आणि मग पाहायचं सोडून दिलं. मुनग्याला शेंगा आल्या. धोपा तर दोन्ही घरी माजला. अंजनाबाईकडे मात्र कोणी फिरकलं नाही. पूर्वी तिला चोर म्हणत, आता तिच्या तोंडाला भीत. हर्षा तिला म्हणाली, "आई, आता तुम्ही फाटकाबाहेर निघूच नका." तीही निघेनाशी झाली. दुपारी गच्चीवर पापड वाळवायचं निमित्त करून बसे. तिथून वामनरावांचं अंगण दिसायचं.

फक्त वामनरावांनी पाहायचं सोडलं नव्हतं. ते झाडाला पाणी घालत. सकाळी बादली, दुपारी बादली, दिवे लागणीला बादली. पाऊस पडून गेला तरी बादली. झाड वाचलं पाहिजे, म्हणून दुसरं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. लागवड रुखमाबाईची, त्यांनी जन्मभर नुसतं फाटक उघडलं होतं. खाली काळी माती, एकदा पाणी प्यायली की सोडत नाही. लिंबाला ओल चालते, तुंबलेलं पाणी चालत नाही. हे गल्लीत ज्या बाईला सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं, ती गच्चीवरून पाहत होती.

दिवाळीच्या सुमारास शेंड्याची पानं पिवळी पडली. वामनरावांनी पाणी वाढवलं. मग लिंबं गळू लागली, कच्चीच. ते खाली वाकून एकेक उचलत आणि खिशात घालत. बुंध्याशी डिंक आला. अंजनाबाईने तो गच्चीवरून पाहिला. आताही आठ दिवस पाणी तोडलं, मुळाशी माती मोकळी केली, तर झाड वाचलं असतं.

त्या दुपारी वामनरावांनी वर पाहिलं. ती दिसताच त्यांनी बादली खाली ठेवली, भिंतीपाशी आले आणि मान वर करून उभे राहिले. त्यांची दाढी वाढली होती.

"वहिनी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तुम्हाले यातलं समजते. पानं पिवळे होऊन राहिले. पाणी कमी पडून राहिलं काय जी याले?"

अंजनाबाईने हातातला पापड उलटा केला. खाली आळं काठोकाठ भरलं होतं, त्यात आभाळ दिसत होतं.

"असन," ती म्हणाली.

"मलेही तसंच वाटे," वामनराव म्हणाले, आणि बादली उचलून नळाकडे गेले.